पश्चिमेकडचा दुसरा रॉड

"कुलकर्ण्यांच्या केतकीला बोलता येतं ना हो नक्की?"

देशमुख काकूंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्यापासून पाच-सहा फुटांवर होते. चर्चच्या स्वयंपाकघराच्या दाराआड, कागदी प्लेट्सची खोकी उघडत. आत आई मोठ्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये बटाट्याची भाजी पसरत होती आणि तिच्या डावाचा आवाज क्षणभर थांबला. "येतं हो," ती हसून म्हणाली. "घरीसुद्धा एवढंच. पुण्यात इंग्लिश मीडियम, मराठी बोलायला लाजायची. इकडे आल्यावर इंग्लिश बोलायला लाजते. म्हणजे आता काहीच नाही." सगळ्या हसल्या. "बरंय की," काकू म्हणाल्या, "आमची पूर्वा बघा, घरातली एक गोष्ट पोटात ठेवत नाही. तुम्हाला ते टेन्शन नाही." आईने पुन्हा डाव चालवायला सुरुवात केली. मी प्लेट्स घेऊन आत गेले तेव्हा काकूंनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "गुणाची गं बाई." माझा गप्पपणा आमच्या घराला एक दिवस किती उपयोगी पडणार आहे, हे त्या तिघी-चौघींपैकी कुणालाच तेव्हा ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

आम्ही अमेरिकेत बॉथेल नावाच्या गावात राहत होतो. बाबांचं ऑफिस तिथून जवळ होतं आणि आमच्यासारखी पुण्या-नागपुराकडची घरं त्या रांगेत बरीच होती, एकसारखी, एकाला एक चिकटलेली, प्रत्येकाच्या खाली गॅरेज. मंडळाची मराठी शाळा मात्र चाळीस मिनिटं उत्तरेला, नदीकाठच्या एका छोट्या गावात भरायची, कारण बॉथेलमधले हॉल शनिवारी मोकळे नसत आणि त्या गावातल्या एपिस्कोपल पंथाच्या चर्चचा हॉल नेहमीच मोकळा असे. आई तिथे शिकवायची. 'क कमळाचा' लिहिलेले तक्ते गाडीच्या डिकीत, मागच्या सीटवर पोह्यांचा डबा आणि त्याच्या शेजारी मी. सोळाव्या वर्षी अमेरिकेत आलेली मुलगी मराठी शाळेच्या वयाची नसते आणि घरी एकटी ठेवावी इतकी मोठीही आईला वाटत नव्हती. म्हणून मी दर शनिवारी जायची आणि तीन तास भिंतीकडे बघत बसायची.

ती भिंत हॉलची होती. तिच्या पलीकडे चर्च होतं. एका शनिवारी मी मधलं दार ढकललं.

चर्च म्हणजे दगडी, उंच, काळोखी काहीतरी असं माझ्या डोक्यात होतं. पुण्यातली माझी शाळा एका कॅथलिक चर्चच्या आवारात होती, तिथलं तसं होतं. हे सगळं लाकडाचं निघालं. बाहेरून फळ्या उभ्या लावलेल्या, दोन फळ्यांच्या सांध्यावर बारीक पट्टी, त्यामुळे उन्हात भिंतीवर नुसत्या उभ्या रेघा दिसायच्या, आखीव वहीसारख्या. दार लाल. खिडक्या अरुंद आणि वर टोकदार, हात जोडल्यासारख्या. पण खरी गंमत आत होती. वर पाहिलं तर छत म्हणजे उपडी घातलेली होडी. गाव मुळात लाकूडतोड्यांचं आणि होडी बांधणाऱ्यांचं. देऊळ बांधायची वेळ आली तेव्हा त्यांना जे येत होतं ते त्यांनी बांधलं आणि उलटं करून ठेवलं. आत जुन्या लाकडाचा, मेणाचा आणि ओल्या लोकरी कोटांचा वास असायचा. पाऊस पडत असला की छतावर तो इतका जवळून वाजायचा की आपण होडीखाली लपून बसलोय असं वाटायचं. मी तिथे बसले आणि आईची शाळा सुटेपर्यंत उठले नाही.

मी तिथे सापडले ती हॅल यांना. ते चर्चची देखभाल करायचे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, उंच, पाठीत थोडे वाकलेले. तारुण्य लाकडाच्या गिरणीत गेलं आणि करवतींनी कान नेले असं ते स्वतःच सांगायचे. त्यामुळे ते मोठ्याने बोलत आणि उत्तराची फारशी वाट बघत नसत. माझ्यासाठी याहून चांगला माणूस असूच शकत नव्हता. "सगळे मला हॅल म्हणतात," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. 'मिस्टर' म्हटलं की ते मान हलवून नको म्हणत. शेवटी मी त्यांना हाकच मारली नाही. समोर जाऊन उभी राहायची, ते बघेपर्यंत.

तिसऱ्या-चौथ्या शनिवारी त्यांनी माझ्या हातात मोजपट्टी दिली. या इमारतीचा एकही धड नकाशा नाही, म्हणाले, तुला बसायचंच आहे तर मोज. मी मोजत गेले. वसंतात सुरू केलं, ऑगस्टपर्यंत माझ्याकडे चाळीसेक कागद झाले होते: खिडकीची कमान, बाकाच्या टोकावरचं कोरीव पान, पश्चिमेच्या टोकाला असलेलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, छताला तोलणाऱ्या तिरक्या लाकडांच्या कैच्या. आणि रॉड. भिंतीच्या माथ्यापासून समोरच्या भिंतीच्या माथ्यापर्यंत असे सहा लोखंडी रॉड आडवे गेले होते, प्रत्येकाच्या मधोमध आवळायचा एक लांबट सांधा. मला ते कुरूप वाटले होते, कपडे वाळत घालायच्या दांड्यांसारखे. तसं मी कधी बोलले नाही, पण चित्रात मी ते वगळले. हॅलनी कागद पाहिला, प्रार्थनेचं एक पुस्तक घेतलं, उघडलं आणि तंबूसारखं बाकावर उपडं उभं केलं. मग बोटाने वरून दाबलं. पुस्तकाचे दोन्ही पाय सरकून ते सपाट झालं. पुन्हा उभं केलं, या वेळी माझ्या केसांचा रबर मागून घेऊन पुस्तकाभोवती खालच्या बाजूने घातला आणि दाबलं. पुस्तक उभं राहिलं. "छताला आयुष्यभर खाली बसायचं असतं," ते म्हणाले, "आणि भिंतींना बाहेर पडायचं असतं. हे सहा जण नाही म्हणतात." मी घरी जाऊन सगळे कागद पुन्हा काढले.

रॉड तपासायची त्यांची पद्धत होती. वरच्या खिडक्या उघडायला एक लांब काठी असायची, टोकाला पितळी आकडा. तिने रॉडवर टकटक करायची. नीट ताणलेला रॉड वाजतो, देवळातल्या छोट्या घंटेसारखा, आणि वाजत राहतो. ऑगस्टमध्ये मी सहाही वाजवले आणि माझ्या कागदावर प्रत्येकापाशी पेन्सिलीने लिहिलं: वाजतो. मराठीत लिहिलं, कारण ते माझं होतं.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर हॉलची जमीन उखडून नवी घालायचं काम निघालं. मंडळात धावपळ उडाली. चर्चच्या पाद्री मार्गारेट म्हणून एक बाई होत्या, आखूड पांढरे केस, कायम घाईत. त्या म्हणाल्या, मग चर्चच वापरा, बाकं बाजूला होतात, आमच्यात एवढी जागा आहे. एवढं सहज म्हणाल्या की देशमुख काकांनी, जे मंडळाचे अध्यक्ष होते, त्यांना तेच पुन्हा एकदा म्हणायला लावलं. ठरलं असं की वेदी पूर्वेला आहे, तिला पाठ नको, म्हणून बाप्पा पश्चिमेच्या टोकाला, कुंडाच्या पुढे. दोन्ही देव समोरासमोर.

मखर बाबांकडे होतं. बाबा पुण्याचे मेकॅनिकल इंजिनियर, पण मला आठवतं तेव्हापासून ते हेडसेट लावून 'कॅन यू हियर मी' म्हणत आलेत. तीन आठवडे आमची गाडी बाहेर पावसात उभी होती आणि गॅरेजमध्ये देऊळ उभं राहत होतं. फोमचे पांढरे कण घरभर, वरणात सुद्धा. शिखर, त्यावर आवळ्यासारखं कंगोरेदार आमलक, त्यावर सोनेरी कळस, आत दिवे. बाबा शीळ घालत काम करायचे. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात हा माणूस कुणाला दिसला नाही. एका संध्याकाळी त्यांनी गॅरेजमधून ओरडून विचारलं, "केतकी, तुझ्या चर्चची उंची किती गं?" मी म्हणाले, "मध्ये बावीस फूट." ते बरोबर होतं. रॉड दहा फुटांवर आहेत हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची मला सवय होती.

शुक्रवारी दुपारी मखर उभं केलं तर कळस रॉडला अडला. पश्चिमेकडचा दुसरा रॉड.

"यार सतीश, हे लागतंय," देशमुख काका म्हणाले.

"मागे सरकव."

"मागे ते कुंड आहे. दगडी आहे, हलत नाही. आणि पुढे आणलं तर लोक कुठे बसणार, माझ्या डोक्यावर?"

बाबा कंबरेवर हात ठेवून वर बघत राहिले. "सहा इंचांचा प्रश्न आहे. कळस जरा कापू."

"कळस कापायचा?" काकांनी असा चेहरा केला की जणू बाबांनी मोदकात मटण घालूया म्हटलं. "सतीश, उद्या सगळे फोटो काढणार. माझी आई नागपूरहून व्हिडिओ कॉलवर बघणार आहे. तिला काय सांगू, बाप्पाला ॲडजस्ट केलं?"

असं ते ठरलं. कळसाला हात लावायचा नाही, मग दुसऱ्या कशाला तरी लावायचा. बाबा शिडीवर चढले, त्या सांध्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे चमकले. वीस वर्षांनी त्यांना हातात धरता येईल असं इंजिनियरिंग भेटलं होतं. "टाय रॉड आहे. सहा आहेत ना? दोन दिवस एक नसला तर काही होत नाही. एवढी रिडंडन्सी असतेच, एक नसला तर बाकीचे धरतात. रविवारी परत लावतो, कळणारसुद्धा नाही." काका म्हणाले, "तू इंजिनियर, तू बघ," आणि खुर्च्या आणायला निघून गेले.

"केतकी, शिडी धर."

मी शिडी धरली. खालून म्हणाले, "बाबा, त्या आजोबांना विचारायचं का?" हॅल त्या आठवड्यात मुलीकडे ओरेगनला गेले होते, पण त्यांचा नंबर स्वयंपाकघरात फोनशेजारी लिहिलेला होता.

"विचारलं की नाही म्हणतील. म्हातारी माणसं नाहीच म्हणतात," बाबा वरून म्हणाले. "नीट धर."

सांधा सुटायला वेळ लागला. बाबांनी त्यात पाना अडकवून जोर लावला, थोडा फिरला, अजून थोडा. मग रॉड एकदम ढिला पडला आणि वर कुठेतरी, त्या होडीच्या पोटात, लाकडाने एक लांब आवाज केला. कुरकुर म्हणता येणार नाही. माणूस झोपेत कूस बदलताना काढतो तसा. माझ्या केसांवर धूळ पडली. पुस्तकाला घातलेला केसांचा रबर माझ्या मनगटावर होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि शिडी धरून ठेवली.

गणपती सुरेख झाला. यात खोटं बोलता येणार नाही. लाकडी छताखाली आरतीचा आवाज असा भरून आला, जसा हॉलमध्ये कधी आला नव्हता. टाळ्या, झांजा, लहान मुलांची चुकीची कडवी, सगळं वर जाऊन एकत्र होऊन परत खाली येत होतं. आईचे उकडीचे मोदक पहिल्या पंगतीतच संपले. मार्गारेट प्रसादाची वाटी हातात घेऊन उभ्या होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या की या भिंतींनी इतकी माणसं कित्येक वर्षांत पाहिली नाहीत. झेंडूच्या माळांत आणि पडद्यांत एक रॉड नाही हे कुणालाही दिसलं नाही. रविवारी संध्याकाळी सगळे निघायच्या घाईत, मुलं रडत असताना, बाबांनी तो परत लावला. मी पुन्हा शिडी धरली. आटे नीट बसेनात. भिंती तेवढ्या दोन दिवसांत केसभर बाहेर गेल्या असतील तर ते बसणारच नाहीत, हे मला आता कळतं. बाबांनी दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा पाना आपटून म्हणाले, "पुरे. बसला." खाली उतरून त्यांनी हात पुसले आणि मला म्हणाले, "बघ, दिसतोय का काही फरक?" फरक दिसत नव्हता.

ऑक्टोबरात हॅलनी हिवाळ्याआधीची फेरी घेतली. ते त्या वर्षी अधिकच वाकले होते, काठी त्यांच्या हातात थरथरायची. "तू वाजव," म्हणाले, "मी भिंतीला हात लावून उभा राहतो. ऐकू येत नाही, पण हाताला कळतं थोडं." पूर्वेकडून सुरुवात केली. पहिला वाजला. दुसरा, तिसरा, चौथा वाजले. पाचवा, म्हणजे पश्चिमेकडून दुसरा, त्यावर मी काठी मारली आणि थड असा आवाज आला. पत्र्याच्या डब्यावर मारल्यासारखा. तिथेच मेला. मी घाईने सहाव्याकडे गेले. तो वाजला. हॅल भिंतीवर हात ठेवून उभे होते. हात काढायला त्यांनी थोडा वेळ घेतला, की मला आता तसं वाटतं, कोण जाणे.

"सगळे ठीक?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी काठी घेतली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि वहीत तारीख लिहून त्यापुढे बरोबरची खूण केली. त्यांच्या अक्षरात, त्यांच्या वहीत. घरी जाताना गाडीत आई कुणाच्या तरी डोहाळजेवणाबद्दल बोलत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. मी काही खोटं बोललेले नाही, असं मी स्वतःला सांगत होते. बोललेच नाही तर खोटं कसं?

फेब्रुवारीत बर्फ पडलं. आमच्याकडचं बर्फ भुसभुशीत नसतं, ओलं आणि जड असतं, झाडांच्या फांद्या मोडून टाकतं. तीन दिवस शाळा बंद होत्या. चौथ्या दिवशी मार्गारेटचा मंडळाला निरोप आला की शनिवारी कुणी येऊ नका. उत्तरेची भिंत मधेच फुगली होती, एक खिडकी काचांसकट फुटून बाहेर पडली होती आणि छताची एक कैची जागची हलली होती. गावाच्या अधिकाऱ्यांनी लाल दारावर पिवळी पट्टी लावली. मी ते फोटोत पाहिलं. फुटलेली खिडकी मी मोजलेली होती. तिच्या कमानीला मला दोन शनिवार लागले होते.

विमा कंपनीने पाठवलेल्या इंजिनियरला आधीचे नकाशे हवे होते. माझ्याखेरीज ते कुणाकडेच नव्हते. मार्गारेटनी फोन करून खूप प्रेमाने विचारलं, मार्चमध्ये चर्चच्या समितीची बैठक आहे, तुझी चित्रं घेऊन येशील का? बाबांनी फोन स्पीकरवर ऐकला. मग जेवणाच्या टेबलावर माझी फाइल उघडून बसले. आईने भाताचा कुकर लावला होता आणि शिट्ट्या होत होत्या. बाबांनी एकेक कागद उलटला आणि रॉडच्या कागदावर थांबले. सहा रेघा, प्रत्येकीपाशी पेन्सिलीने 'वाजतो' आणि खाली ऑगस्टची तारीख.

"हा नको," ते म्हणाले आणि कागद बाजूला काढला.

"बाबा, त्यांना कळायला हवं की..."

"काय कळायला हवं?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आपण व्हिसावर आहोत, केतकी. ग्रीन कार्डची फाइल आत आहे. लायबिलिटी म्हणजे काय माहितीये तुला? एका इमारतीसाठी घर घालवायचं? ती तशीही पडायला झाली होती. शंभर वर्षांचं लाकूड."

मी आईकडे बघितलं. तिने गॅस बंद केला. "तुला कुणी खोटं बोल म्हणत नाहीये," ती म्हणाली. तिच्या आवाजात खरोखर माया होती. "तू फक्त गप्प बस. तशीही तू बोलतेस कुठे?"

तो कागद कुठे गेला ते मी कधी विचारलं नाही. बाकीचे त्यांनी माझ्या हातात दिले, कडा जुळवून.

बैठक हॉलमध्ये होती, रविवारची प्रार्थना तिथेच उरकून. नव्या जमिनीचा वास अजून येत होता. समितीत सात जण, सगळे सत्तरीच्या पुढचे. कुणीतरी लिंबाचा केक आणला होता आणि तो कुणी कापत नव्हतं. मंडळाच्या वतीने देशमुख काका येणार होते, त्यांना ऐन वेळी ऑफिसचा कॉल आला. बाबा आले. माझ्या शेजारी बसले, इस्त्रीच्या शर्टात.

इंजिनियर तरुण होता आणि सौम्य बोलत होता. म्हणाला, पश्चिमेकडचा दुसरा रॉड काम करत नव्हता. आटे तिरके बसलेले आहेत, म्हणजे तो कधीतरी सोडवून पुन्हा लावला गेला आहे. कधी ते सांगता येत नाही. कुणाला काही माहीत आहे का? मार्गारेटनी भाड्याने जागा घेणारे म्हणून सौजन्याने बाबांकडेही पाहिलं. बाबांनी घसा खाकरला आणि त्यांच्या मीटिंगच्या इंग्रजीत सांगितलं की आमच्या समाजाने या वास्तूचा नेहमीच अत्यंत आदर केलेला आहे. मार्गारेट म्हणाल्या, अर्थातच, अर्थातच.

मग हॅल बोलले. नेहमीसारखं मोठ्याने नाही, त्यामुळे सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. दोन वर्षांपूर्वी मी सगळे रॉड रंगवले होते, म्हणाले. तेव्हा एखादा सोडवला असेल. सोडवल्याचं आठवत नाही, पण अलीकडे बरंच आठवत नाही. आणि ऑक्टोबरात मी फेरी केली, सहाही तपासले. वहीत खूण आहे. मला ऐकू आलं नाही. चूक माझ्या कानांची आहे आणि ती मी आधीच कबूल करून काम सोडायला हवं होतं.

मी फेरी केली, असं म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. काठी कुणाच्या हातात होती हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आणि ते टेबलाकडे बघत होते.

त्या इमारतीत आता लग्नं होतात. तुम्ही शोधलंत तर फोटो सापडतील. चर्चला ती पुन्हा उभी करणं झेपलं नाही, दुसऱ्या कुणी घेतली, भिंत सरळ केली, आतून सगळं पांढरं रंगवलं. रॉडवरून बारीक दिव्यांच्या माळा सोडतात, त्यांना तो भाग फार आवडतो असं दिसतं. मी तिशीत आहे, सांता क्लाराला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते, बाबांना हवी होती तशी, आणि महिन्यातून एखाद्या वेळी ते फोटो मोठे करून बघते. माझी चित्रं मला कधी परत मिळाली नाहीत. बाबा आणि मी हवामानाबद्दल बोलतो, गाडीच्या टायरबद्दल, आईच्या गुडघ्याबद्दल. 'गुणाची' हा शब्द मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही असं म्हणणं खरं होणार नाही.

पण बैठकीच्या त्या दुपारी केक तसाच होता आणि मार्गारेट अवघडून म्हणत होत्या की हॅल, कुणीही तुम्हाला दोष देत नाही, पण विम्याच्या लोकांना लेखी द्यावं लागेल, आणि सध्या तरी किल्ल्या माझ्याकडे असलेल्या बऱ्या. हॅलनी मान डोलावली. पट्ट्याला अडकवलेला जुडगा सोडवायला त्यांना वेळ लागला. कुणी मदत केली नाही, कारण मदत करणं आणखी वाईट दिसलं असतं. शेवटी जुडगा निघाला आणि त्यांनी तो टेबलावर ठेवला. आपटला नाही, अगदी हळू ठेवला, तरी लोखंड वाजलं. लहान, स्वच्छ आवाज.

माझी खुर्ची मागे घासली गेली तेव्हा मला कळलं की मी उभी राहिले आहे. सात म्हाताऱ्या माणसांनी वर बघितलं. बाबा मराठीत, ओठ न हलवता म्हणाले, "केतकी, बस." हॅल अजूनही टेबलाकडेच बघत होते. त्यांनी बघेपर्यंत समोर उभं राहायचं, ही माझी पद्धत होती, पण या वेळी ते बघेनात. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हाक मारली, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल अशी.

"हॅल," मी म्हणाले, "तो रॉड वाजलाच नव्हता. मला ऐकू आलं होतं. बाबांनी तो सप्टेंबरात काढला, आणि शिडी मी धरली होती."